दोरीला लावलेली चरबी

ओरखडा काढून तिसरा दिवस उजाडला, तरी आकडा जागचा हलला नव्हता.

ऑपरेटर कुल्पाशने चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. सतरा. कालही सतराच होता. ओरखडा काढायच्या आधी हाच आकडा नऊशेच्या वर होता, आणि दर वेळच्या अनुभवाप्रमाणे चाळीस तासांत तो परत नऊशेच्या घरात जायला हवा होता.

"काय ग, उठली का आपली सांडणी?" भिंतीजवळच्या खुर्चीतून तोकेंनी विचारलं.

"झोपलीय, तोके."

"मग लाथ घाल."

नेहमीचा विनोद होता, पण आज कुणी हसलं नाही. सांडणी म्हणजे नळ्यांचं एक दुमजली वेटोळं. त्यातून शिसं आणि लिथियमचा वितळलेला रस रात्रंदिवस फिरायचा. तापताना ते वेटोळं कण्हायचं, म्हणून हे नाव. पुढेमागे अणू जोडून ऊर्जा काढणाऱ्या भट्ट्या उभ्या राहतील, तेव्हा त्यांच्या अंगातून असाच रस फिरवून उष्णता बाहेर काढायची होती. पण रस पोलाद खातो. म्हणून नळीच्या आतून सिरॅमिकचा लेप लागतो, केसाहून पातळ. आणि पातळ लेप कधीतरी तडकतोच. तडकला तर भट्टी उघडून नवा लेप लावायला माणूस आत जाऊ शकत नाही. लेपाने आपली जखम आपणच भरून काढली पाहिजे.

तोकेंचा लेप ती भरून काढायचा. निदान आठ वर्षं सगळे तसं मानत होते. त्यांनी पोलादात अॅल्युमिनियमबरोबर चिमूटभर यिट्रियम घातलं होतं. ओरखडा पडला की रस उघड्या पोलादाला भिडायचा आणि विजेचा अडथळा मोजणारा आकडा धाडकन खाली यायचा. मग पोलादातलं अॅल्युमिनियम वर येऊन नवा पापुद्रा धरायचं आणि आकडा हळूहळू वर चढायचा. त्यावर तोकेंचा निबंध छापून आला होता. त्यांचं खरं नाव तोक्तासिन मुकानोविच, पण वडीलधाऱ्या माणसाला पूर्ण नावाने हाक मारणं इर्तिश नदीकाठच्या त्या गावात कुणाला जमलं नसतं. लहानथोर सगळे त्यांना तोकेच म्हणत.

पुढे जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने तेच पोलाद ओतलं, तेवढंच यिट्रियम घातलं, सहा वेळा ओरखडे काढले. सहाही वेळा काही भरलं नाही. त्यांचं पत्र फार सभ्य होतं. तोकेंनी ते वाचून घडी घातली आणि म्हणाले, "शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं."

शेवटी असं ठरलं की जर्मनांनी इकडे यावं आणि सांडणीवर डोळ्यांदेखत पाहावं. त्यांची अट एकच होती. रसाच्या वाटेवरचे जुने व्हॉल्व्ह काढून त्यांनी आणलेले नवे, पूर्ण बंदिस्त व्हॉल्व्ह बसवायचे. लेप भरला तर जर्मनांनी माफी मागायची. नाही भरला तर तोकेंनी निबंध मागे घेतल्याची सूचना छापायची. ती छापली म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी तोके जगभर खोटारडे ठरणार, हे दारावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा कळत होतं.

पाचव्या दिवशीही आकडा सतराच राहिला. जर्मन गटाच्या प्रमुख लोरेन्झबाई उठल्या, तोकेंशी हस्तांदोलन केलं आणि बाहेर गेल्या. तोके बसूनच राहिले. गुडघ्यावर ठेवलेली टोपी ते गोल गोल फिरवत होते.

"तोके, चहा आणू?"

"पोरी, मी आठ वर्षं काय पाहत होतो ग?" ते म्हणाले. "तूही पाहत होतीस ना?"

"पाहत होते, तोके. भरत होतं."

"मग?"

कुल्पाश उठली आणि चहा आणायला गेली.

त्या 'मग'चं उत्तर सापडलं दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि सापडलं ते वासाने. काढून ठेवलेले जुने व्हॉल्व्ह भंगारात द्यायचे होते. भंगारात देण्याआधी साफ करायला हवेत म्हणून ती एकेकाच्या मानेतल्या खोबणीतून जुनी पॅकिंगची दोरी हुकाने ओढून काढत होती. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती ही ग्रॅफाइटची दोरी ठासून भरलेली असते, गळती होऊ नये म्हणून. दोरी बाहेर आली तसा मेंढीच्या चरबीचा जळका, खमंग वास सुटला.

तो वास तिच्या रोजच्या ओळखीचा होता. नियमाप्रमाणे दोरी कोरडी भरायची असते. पण ती कामाला लागली त्या वर्षी गावाची वीज निम्मा दिवस जायची, शिपायापासून शास्त्रज्ञांपर्यंत सगळे नदीवर मासे धरून पोट भरायचे, आणि कारखान्यातलं वंगण संपून दोन वर्षं झाली होती. कोरडी दोरी हिवाळ्यात दांड्याला इतकी घट्ट चावायची की व्हॉल्व्ह फिरवताना माणसाचा खांदा निखळायचा. तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या फोरमनने घरून मेंढीच्या शेपटीची चरबी आणली, वितळवली आणि दोरी तीत बुडवली. व्हॉल्व्ह लोण्यासारखा फिरला. पुढे वंगण आलं, वीज आली, पगार आले, पण कुल्पाशने दोरी चरबीत बुडवणं सोडलं नाही. हाताला तीच सवय होती. नोंदवहीत मात्र ती इतरांसारखंच लिहायची, 'पॅकिंग सूचनेनुसार भरलं', आणि खाली सही.

दोरी हातात धरून ती उभी राहिली. रसाला शिवणारी जागा तापलेली आणि दोरीची जागा त्या मानाने थंड. पण अगदी थंड नाही. चरबी महिनोन्‌महिने तिथे थोडी थोडी जळत असणार. तिची वाफ वरच्या वायूत उतरत असणार आणि तिथून रसात. अॅल्युमिनियमला पापुद्रा धरायला प्राणवायू लागतो, हे तिला इतक्या वर्षांत ऐकून ऐकून पाठ झालं होतं. लिथियम तर प्राणवायूला वखवखलेलं. स्वच्छ रसात त्याचा कणही शिल्लक राहत नाही. मग अॅल्युमिनियम पापुद्रा धरणार कशाने? चरबीतून येणाऱ्या प्राणवायूनेच.

ती नोंदवह्या घेऊन बसली. ओरखड्यांच्या तारखा एका कागदावर, पॅकिंगच्या तारखा दुसऱ्यावर. नवी दोरी भरल्यावर पंधरवड्यात काढलेले ओरखडे तीस तासांत भरलेले. दोरी जुनी झाल्यावर काढलेले साठ तासांत. एक तर नव्वद तासांत, त्या वर्षी तिचा हात मोडला होता आणि पॅकिंग दुसऱ्याने भरलं होतं. कोरडं. जुन्या चरबीचा अंश खोबणीत राहिला असणार, तेवढ्यावरच भरलं.

दुपारी घरी जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. कब्दोल्ला आयुष्यभर संस्थेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. तो चमचा खाली ठेवून म्हणाला, "म्हातारे, तोंड उघडलंस तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील. गरम नळीला चरबी कुणाच्या परवानगीने लावलीस? एकेक सही काढून दाखवतील."

"तोकेंना मी सांगितलं होतं की."

"कधी?"

"विसरलात? निबंध छापायच्या आधी. नौरीजच्या सणाच्या तयारीचे दिवस होते, मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं होतं."

कब्दोल्लाला आठवलं आणि तो हसायला लागला. तिने तोकेंना तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, 'तोके, मी चरबी लावून नवी दोरी भरली ना, की त्या आठवड्यात जखम लवकर भरते.' तोके खो खो हसले होते. 'मग निबंधावर माझ्या आधी मेंढीचं नाव घालू या!' वेल्डर व्हिक्टर तर हसता हसता शिडीवरून पडता पडता वाचला होता. कुल्पाशही हसली होती. विषय तिथेच संपला.

"तोके सांगतील तसं," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं की त्यांना माहीत होतं, की मग माझ्या एकटीवर येत नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तोके? तोके नाही सांगणार?"

कब्दोल्लाने चमचा उचलला. "जा मग. माणूस मरायला टेकलाय. तुझ्या चरबीने उठला तर उठू दे."

तोकेंच्या खोलीत ती शिरली तेव्हा ते पुस्तकं खोक्यात भरत होते. ती स्टुलावर बसली. वाईट बातमी सरळ सांगू नये, अशी त्यांच्याकडे रीत आहे. कुणी वारलं तर एखादा जाणता माणूस जातो, ससाण्याची नाहीतर घोड्याची गोष्ट काढतो, आणि ऐकणाऱ्याला त्यातून कळतं. कुल्पाश काही जाणती म्हातारी नव्हती, पण दुसरं कोण होतं?

"तोके," तिने सुरुवात केली, "जातिवंत घोडा असला तरी डोंगर उतरताना त्याचा पाय..."

तोकेंच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग घोड्यावर कशाला बसलीस? म्हाताऱ्या माणसाला असं घाबरवतात? उतर खाली आणि सरळ सांग."

"यिट्रियम गेलं, तोके."

तिने दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितलं. सांगताना तिची नजर खाली होती. तोकेंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून तारखांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे भरत होतं," तोके म्हणाले.

"भरत होतं."

"मी खोटा नव्हतो."

"कोण म्हणतं?"

"पण यिट्रियमने नाही."

"नाही, तोके."

"मेंढीने."

"मेंढीने."

तोके हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी टोपीनेच पुसलं. "आठ वर्षं यिट्रियमच्या मागे! अग, यिट्रियमच्या एका वडीच्या किमतीत मेंढ्यांचा कळप आला असता!"

"मी तेव्हा म्हटलं होतं तुम्हाला," कुल्पाश हळूच म्हणाली. "व्हिक्टर शिडीवर होता."

"म्हणाली होतीस," तोके म्हणाले. "म्हणाली होतीस, आणि मी गाढव हसलो." त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं. वडील गेल्यापासून कुणी तसं केलं नव्हतं.

जर्मनांचं विमान परवाचं होतं. त्यांनी ते पुढे ढकललं. एक जुना व्हॉल्व्ह परत बसवला. लोरेन्झबाई स्वतः तराजू घेऊन कुल्पाशच्या शेजारी उभ्या राहिल्या. चरबी किती, दोरी किती, वेढे किती, सगळं त्यांनी वहीत उतरवलं. मधेच चरबीला बोट लावून वास घेतला आणि दुभाष्यामार्फत विचारलं, "हे खातातही?"

"लग्न ठरताना तर खातातच," कुल्पाश म्हणाली. "तुमच्या यंत्राला स्थळ आलंय असं समजा."

ओरखडा काढला. आकडा धाडकन सोळावर आला. वीस तासांनी तो साठ झाला. सकाळी जेवणाच्या सुट्टीआधी, एकतिसाव्या तासाला, नऊशे चार. लोरेन्झबाईंनी तोकेंचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या बराच वेळ बोलत राहिल्या. दुभाष्याने त्यातलं एवढंच सांगितलं, "त्या माफी मागतायत. म्हणतात, आमच्याकडे सगळं फार स्वच्छ होतं."

त्या दिवशी कॅंटीनमध्ये जेवण तोकेंकडून होतं. त्यांनी उभं राहून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. रसात प्राणवायू मोजून सोडायचा, मग लेप कुठेही भरेल, यिट्रियम लागणार नाही आणि चरबीही लागणार नाही, असं ते सांगत होते. त्यांचे गाल लाल झाले होते. दहा वर्षांनी लहान दिसत होते. कुल्पाशला त्यांनी आपल्या शेजारी बसवलं होतं.

पण जे कळलं ते लिहायला हवं होतं, आणि चरबी सांडणीत कशी आली हे लिहिल्याशिवाय ते लिहिता येत नव्हतं. मग सुरक्षा विभागाच्या निरीक्षकबाई शहरातून आल्या. तापलेल्या वितळल्या धातूजवळ चरबी म्हणजे आगीला आमंत्रण. आणि खाली सह्या, एकशे बारा वेळा, 'सूचनेनुसार'.

चौकशीच्या खोलीत जाण्याआधी संचालक दारखान कुल्पाशला व्हरांड्यात भेटला. तिच्या मुलाएवढा असेल. ती सांडणीवर होती तेव्हा तो शाळेच्या सहलीबरोबर सांडणी बघायला आला होता.

"आपा, घाबरू नका," तो म्हणाला. "प्रयोगाच्या प्रमुखाला, म्हणजे तोकेंना, तोंडी कल्पना दिली होती, एवढं कागदावर आलं की दोघांना मिळून एक ताकीद. मी ती देईन आणि विसरून जाईन. प्रमुखाला माहीतच नव्हतं असं निघालं, तर मात्र माझे हात बांधलेले आहेत. मग तुम्ही सांडणीजवळ उभ्या राहू शकणार नाही."

"तोकेंना माहीत होतं."

"मग झालं तर."

खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला निरीक्षकबाई, त्यांना सर्दी झाली होती आणि त्या सारखं नाक पुसत होत्या. त्यांच्या बाजूला लोरेन्झबाई, कारण नवा निबंध दोन्ही प्रयोगशाळांचा होता. समोर तोके, गळ्यात टाय, कोटावर जुनी पदकं. कुल्पाश दाराजवळच्या खुर्चीत.

प्रश्न आधी लोरेन्झबाईंनीच विचारला. त्यांच्या आवाजात वैर नव्हतं. दुभाषी एकेक शब्द सावकाश सांगत गेला. "जुन्या निबंधाबद्दल एकच गोष्ट नक्की करायची आहे. पॅकिंगमध्ये चरबी आहे, आणि तिचा परिणाम होतो, अशी शंका तेव्हा तुमच्या कानावर आली होती का? आली नसेल, तर ती प्रामाणिक चूक आहे आणि आजचा शोध तुमचा आहे. आली असेल आणि निबंधात लिहिली नसेल, तर आम्हाला त्याला दुसरं नाव द्यावं लागेल."

तोकेंनी पाण्याच्या जगाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

निरीक्षकबाईंनी रुमाल बाजूला केला. "म्हणजे ऑपरेटरने तोंडीही कधी सांगितलं नव्हतं?"

"नाही. सांगितलं असतं तर मी तेव्हाच... कुणीही शास्त्रज्ञ तेव्हाच... हे बघा, आमच्याकडे माणसं साधी आहेत. मन लावून काम करतात. पण आपण काय करतोय याची त्यांना कल्पना नसते. तिचा हेतू वाईट नव्हता, हे मी लिहून देतो."

कुल्पाशचं तोंड उघडलं होतं. पण तोके अजून बोलत होते, आणि वडीलधारा माणूस बोलत असताना मधे बोलायचं नाही, त्याची वाट कापायची नाही, हे तिला चालायला शिकायच्या आधी शिकवलेलं. ती त्यांचं बोलणं संपायची वाट पाहत राहिली. तिला वाटत होतं, बोलता बोलता ते थांबतील, कपाळाला हात लावतील, आणि म्हणतील, 'थांबा, म्हणाली होती. व्हिक्टर शिडीवर होता.' व्हिक्टर पाच वर्षांपूर्वी बायकोच्या माणसांकडे जर्मनीला निघून गेला होता. तो जिवंत आहे की नाही तेही माहीत नव्हतं. त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी खोलीत आता दोघंच होती.

तोकेंचं बोलणं संपलं. ते थांबले नाहीत, कपाळालाही हात लावला नाही.

"आपल्याला काही म्हणायचं आहे?" निरीक्षकबाईंनी कुल्पाशला विचारलं.

दारखान तिच्याकडे पाहत होता. त्याने भुवया किंचित उंचावल्या. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य लोरेन्झबाईंनीही ऐकलं असतं, आणि ज्याला वाचवायला ती ते दोन कागद घेऊन गेली होती, तो माणूस त्याच टेबलाशी पुन्हा मेला असता. या वेळी खोटारडा म्हणून. तिने तोकेंच्या पांढऱ्या भुवयांकडे पाहिलं. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं असतं, तरी तिला पुरलं असतं. मग काय म्हणायचं ते तिला कळलं असतं.

ते पाण्याच्या जगाकडेच पाहत होते.

"नाही," कुल्पाश म्हणाली.

पत्र चार दिवसांनी आलं. तिने किल्ल्या दिल्या, पास दिला, आपले हातमोजे घरी न्यायचे की नाही हे विचारलं. भांडारातल्या बाईने ते ठेवून घेतले. सांडणी तापत होती, कण्हत होती. नव्या ऑपरेटरने तिला दारापर्यंत पोचवलं आणि म्हणाला, "आपा, ती कण्हायची थांबली की काय करायचं?"

"तेव्हाच घाबरायचं," ती म्हणाली.

नवा निबंध उन्हाळ्यात छापून आला. दारखानने त्याची एक प्रत घरी पाठवली, बिचाऱ्याला तेवढंच करता येण्यासारखं होतं. त्यात पहिल्या पानावर तोकेंचं नाव होतं, मग लोरेन्झबाईंचं, मग इतर सहा. चौथ्या पानावर एक वाक्य होतं: 'ऑपरेटरने नियमबाह्य रीतीने वापरलेल्या वंगणामुळे रसात प्राणवायू जात होता, हे लेखकांच्या लक्षात आलं.' कुल्पाशने ती प्रत मेजावर ठेवली आणि कब्दोल्लाने तिच्यावर चहाची किटली ठेवली. कागदावर गोल डाग पडला. तिने तो तसाच राहू दिला.

पहिला बर्फ पडायच्या सुमारास तोके घरी आले. सोबत मिठाईचा डबा आणि एक भारी लोकरी शाल. शाल त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या खांद्यावर घातली. कब्दोल्ला धावपळ करत होता. त्यांना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, पाठीला उशा दिल्या. तोकेंसारखा माणूस घरी येणं म्हणजे लहान गोष्ट नव्हती. खिडकीतून शेजारणी पाहत होत्या.

गुराढोरांची, मुलाबाळांची, थंडीची विचारपूस झाली. मांस झालं, रस्सा झाला. मग तोकेंनी खिशातून वही काढली.

"पोरी, एक अडचण आहे," ते म्हणाले. "प्राणवायू मोजून सोडायचं यंत्र मागवलं. लाखाचं यंत्र. कधी जास्त सोडतं, कधी कमी. जास्त सोडलं की रसात गोळे होतात, नळी तुंबते. कमी सोडलं की भरत नाही. तुझ्या दोरीत ते बरोबर कसं व्हायचं? ती कशी करायचीस, सगळं सांग."

कब्दोल्लाने बायकोकडे पाहिलं. कुल्पाशला क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. नाहीतर काहीतरी उलटंसुलटं सांगावं. मग तिच्या डोळ्यांपुढे नळी आली, आतून खाल्ली जाणारी. उभ्या जन्मात तिने सांडणीला दगा दिला नव्हता.

"उन्हाळ्यातली चरबी चालत नाही," ती म्हणाली. "हिवाळ्याच्या तोंडावर कापलेल्या मेंढीची घ्यायची. मंद आचेवर वितळवायची, दोनदा गाळायची. मिठाचा कण नको. दोरी बुडवून एक दिवस टांगून ठेवायची, टपकायची थांबेपर्यंत. मग भरायची. पाच वेढे. एकाचा जोड दुसऱ्याच्या जोडावर येऊ द्यायचा नाही."

तोके लिहीत होते. अक्षर थरथरतं झालं होतं. लिहून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि तिच्याकडे मायेने पाहिलं.

"एवढं सगळं तुला माहीत होतं," ते म्हणाले. "आणि इतक्या वर्षांत मला एकदा तरी सांगायचं होतंस ग, पोरी. किती वर्षं वाचली असती. तूही आज तिथेच असतीस."

कुल्पाशने शाल खांद्यावरून काढून मांडीवर घेतली.

"सांगितलं होतं, तोके."

"नाही ग."

"व्हिक्टर शिडीवर होता. तुम्ही म्हणालात, निबंधावर मेंढीचं नाव घालू या. यंदा वसंतात तुमच्या खोलीत तुम्हीच म्हणालात, 'म्हणाली होतीस.'"

"नाही, नाही," तोके हळुवारपणे म्हणाले, तापात बरळणाऱ्या माणसाशी बोलावं तसे. "तुला तसं वाटतंय. सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं का? तूच सांग, मी कधी कुणाचं ऐकलं नाही?"

कुल्पाशने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षं ती आकड्यांवरून नळीच्या आत काय चाललंय ते ओळखत आली होती, आणि या चेहऱ्यावरही तिने तितकीच वर्षं नजर ठेवली होती. लपवलेलं काही असतं तर तिला दिसलं असतं. पापणी हलली असती, टोपी फिरली असती. तसं काहीच नव्हतं. म्हातारा खरं बोलत होता. त्याच्या मनात ती दुपार कधी झालीच नव्हती. तिथे आता गुळगुळीत, अखंड काहीतरी होतं, आणि त्याला तिचं नख लागणार नव्हतं.

तिने कब्दोल्लाकडे पाहिलं. ती गोष्ट ठाऊक असलेला तोच आता एकटा उरला होता.

कब्दोल्लाने तोकेंच्या वाटीत रस्सा ओतला आणि मान हलवली. "तेच मी हिला म्हणत असतो, तोके. वेळच्या वेळी बोलावं माणसाने."

"असू दे, असू दे," तोके म्हणाले. "तिला रागावू नकोस. झालं ते झालं." त्यांनी पुन्हा वही उघडली. "वेढे किती म्हणालीस? पाच की सहा?"

"पाच," कुल्पाश म्हणाली.

त्यांनी लिहून घेतलं.